घरात आहे त्यातून: गोधडीकडे समीक्षकानं कसं पाहावं



गोधडीचा विषय निघाला की मराठीत दोन शब्द हटकून येतात: आजी आणि माया. शाळेतल्या निबंधापासून दिवाळी अंकातल्या ललित लेखापर्यंत गोधडीत आजीच्या मायेची ऊब असते. हे वाक्य खोटं आहे असं कुणीच म्हणणार नाही. पण त्यातून गोधडीविषयी आपल्याला काय कळलं? एखाद्या मैफलीवर लिहिताना 'गवई फार मनापासून गायला' एवढंच लिहून थांबणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही. राग कसा मांडला, कुठे थांबला, काय टाळलं, हे आपण विचारतो. गोधडीच्या बाबतीत मात्र प्रेम दिसलं की आपले प्रश्न संपतात.

आज ते प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत. आपलं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. घरात आहे तेवढ्याच कापडातून केलेली गोधडी हे बुद्धीचं काम आहे, त्यात पावलोपावली निर्णय आहेत. आणि मायेची स्तुती त्या निर्णयांचं श्रेय करणारीला मिळू देत नाही. हे विधान सिद्ध करायचं तर गोधडी हातात घेऊन, उलटसुलट करून बघायला हवी.

आधी नियम समजून घेऊ. कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. बंगालात कांथा आहे, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंद आहे. कृती थोड्याफार फरकानं सारखीच. जुनं सुती कापड धुऊन वाळवायचं, जमिनीवर थर पसरायचे, कच्च्या टाक्यांनी धरायचे आणि मग धावदोरा घालत जायचं. सहसा कडेकडेनं सुरुवात करून आत सरकत. आणि एक अलिखित नियम: यासाठी बाजारातून कापड आणायचं नाही. सुई-दोरा आणला तर आणला. बंगालात तर दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून उसवून घेत.

हा नियम गरिबीतून आला, यात वाद नाही. पण नियम कुठून आला हा एक प्रश्न, आणि नियमानं काय घडवलं हा दुसरा. क्लोद लेव्ही-स्ट्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञानं 1962 च्या एका पुस्तकात दोन तऱ्हांच्या कारागिरांची तुलना केली. एक जण आधी आराखडा करतो, मग त्याला लागेल ते साहित्य मागवतो. दुसरा आधी घरात साठवलेल्या वस्तूंकडे बघतो, 'हे कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या गोष्टी चाचपतो आणि त्यांच्याशी जणू सल्लामसलत करून काय करता येईल ते ठरवतो. लेव्ही-स्ट्रोसला हे मिथककथांच्या विचारपद्धतीबद्दल सांगायचं होतं. पण आपल्याला ट्रंक उघडून बसलेली बाई लगेच डोळ्यांपुढे येते. तिच्याकडे आराखडा नाही असं नव्हे. तो कापड बघितल्यावर तयार होतो.

आता आपण ज्या जागी बसलो आहोत, त्या वरळी कोळीवाड्यात ट्रंकेत काय असायचं? मुख्य म्हणजे लुगडं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. ते लांबीत चौपदरी दुमडलं की दोन मीटरांहून थोडी जास्त लांबीची घडी होते. माणूस झोपेल एवढी. म्हणजे दोन लुगडी शेजारी शेजारी जोडली की एका मोठ्या गोधडीचे चार थर तयार. हा हिशेब कुठल्या पुस्तकात लिहावा लागला नाही, तो वस्त्रातच होता.

पण लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. कासोटा घालून दिवसभर मासळीच्या बाजारात बसणं, उठणं, टोपली उचलणं. मागचा भाग आधी विरतो. पदर आणि काठ सर्वांत शेवटी जातात. म्हणजे एकाच कापडात मजबूत, मध्यम आणि विरलेला असे तीन भाग असतात. विरलेला भाग कुठे घालायचा? वर ठेवला तर महिन्याभरात फाटेल. सगळा विरलेला भाग एकावर एक आला तर गोधडी तिथे पातळ पडेल. म्हणून तो आत घ्यायचा, आणि आतही वेगवेगळ्या थरांत वेगवेगळ्या जागी. हा पहिला निर्णय, आणि गोधडी नीट जमली असेल तर तो कुणालाच दिसत नाही.

ठिगळाचंही तसंच. इथल्या मंडळींना हे सांगायची गरज नाही, कारण जाळं दुरुस्त करणारा प्रत्येक जण ते जाणतो. भोक पडलं तर भोकाच्या कडेपाशी गाठ मारून चालत नाही. तिथला धागा आधीच दुबळा झालेला असतो. धड असलेल्या आसापर्यंत मागे जावं लागतं आणि तिथून काम सुरू करावं लागतं. गोधडीचं ठिगळ फाटलेल्या जागेपेक्षा चांगलं मोठं घेतात त्याचं कारण हेच. पुरुषांचं जाळं सांधणं हे कसब मानलं गेलं आणि बायकांचं ठिगळ लावणं ही माया ठरली. तर्क मात्र दोन्हीकडे एकच आहे.

इथे समोर टेबलावर एक गोधडी पसरली आहे. इथल्याच एका घरातली आहे. कुणी केली हे त्या घरात नक्की सांगता येत नाही. 'सासूबाईंच्या सासूबाई असतील, नाहीतर त्यांची जाऊ,' असं उत्तर मिळालं. हे उत्तर लक्षात ठेवा.

वरच्या बाजूला हिरव्या लुगड्याचे दोन लांब पट्टे आहेत. त्यांच्यामध्ये चौकड्यांच्या रुमालाचे तुकडे. उजव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या रेघांचं शर्टाचं कापड आहे आणि त्यावर एक गडद चौकोन दिसतो. तिथे खिसा होता. खिसा उसवला, खालचं कापड उन्हापासून वाचलेलं होतं, म्हणून ते गडद राहिलं. आता बरोबर तिरक्या रेषेत, डाव्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. तिथे तेवढ्याच आकाराचं गडद निळं ठिगळ आहे. त्याखाली बोटं फिरवून पाहिलं तर कापड फाटलेलं लागत नाही. म्हणजे हे ठिगळ दुरुस्तीचं नाही. एका कोपऱ्यात आलेला गडद चौकोन एकटा पडू नये म्हणून दुसरा लावला आहे.

इथे बा. सी. मर्ढेकरांची आठवण होणं साहजिक आहे. कलाकृतीतल्या घटकांचे संबंध संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी बांधलेले असतात, असं त्यांनी मांडलं. 'सौंदर्य आणि साहित्य' हे त्यांचं पुस्तक 1955 चं. या गोधडीला ती कसोटी लावून बघा. दोन हिरव्या पट्ट्यांचा संवाद आहे. सपाट हिरवा आणि चौकडी यांचा विरोध आहे. आणि ते दोन निळे चौकोन म्हणजे समतोल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा सिद्धान्त शिकवताना चित्रांची आणि संगीताची उदाहरणं देत असू. ट्रंकेतली गोधडीही चालली असती.

पण समीक्षा म्हणजे नुसती वाहवा नव्हे. या गोधडीत एक जागा फसली आहे. पायथ्याशी कापड गोळा होऊन सुरकुत्या पडल्या आहेत. तिथला एक तुकडा कोरा असताना वापरलेला दिसतो. पहिल्या धुण्यात तो आटला आणि त्यानं शेजारच्या कापडाला ओढून घेतलं. इतर कापड वर्षानुवर्षं धुतलेलं होतं. त्याला जे आटायचं होतं ते आटून झालं होतं. म्हणजे जुनंच कापड वापरण्याचा नियम केवळ नाइलाज नव्हता. जुनं कापड मऊ असतं, सुई त्यातून सहज जाते, आणि मुख्य म्हणजे ते पुढे दगा देत नाही. या गोधडीतली चूक त्या नियमाचंच समर्थन करते.

आता ती उलटी करू. मागची बाजू बघा. एकही ठिगळ नाही. उत्तम स्थितीतलं, एकसंध, फिकट झालेलं मऊ लुगडं आहे. जोड फक्त मध्यभागी, तोही आत दुमडलेला. घरातलं सर्वांत चांगलं कापड हिनं डोळ्यांना दिलं नाही, अंगाला दिलं. वरची बाजू बघण्याची, खालची झोपणाऱ्याची. आणि दोन्हींत निवड करायची वेळ आली तेव्हा झोपणाऱ्याला वरचा मान मिळाला.

इथे मर्ढेकरांचा सिद्धान्त अपुरा पडतो. त्यांच्या मांडणीत वस्तूचा उपयोग हा सौंदर्याबाहेरचा विषय आहे. पण या गोधडीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय उपयोग बाजूला ठेवला तर समजतच नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या 1974 च्या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे कलाविचाराचे दोन ध्रुव मानले आणि दोन्हींची गरज दाखवली. गोधडी या दोन ध्रुवांच्या मध्ये अंथरलेली आहे. तिचा रंगमेळ स्वतंत्रपणे बघता येतो. पण तिचं वजन, तिचा स्पर्श, किती धुण्यांनंतर ती टिकली, हेही तिच्या गुणवत्तेत मोजावं लागतं. भिंतीवर टांगलेली गोधडी ही अर्धीच गोधडी असते.

हे भिंतीवर टांगणं अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर घडलं. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची नदीच्या वळणातली कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या कामाच्या जुन्या कपड्यांतून रजया शिवत. 2002 मध्ये त्या रजयांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागलं. समीक्षकांनी आधुनिक चित्रकलेशी तुलना केली. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांवर तिकिटं काढली. आणि 2007 मध्ये काही करणाऱ्या बायकांनीच, आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून, कोर्टात दावे लावले.

त्यातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली अशी की तिथे प्रत्येक रजईखाली करणारीचं नाव लावलं गेलं. नाव होतं म्हणून कौतुक तिच्यापर्यंत पोचलं, आणि नाव होतं म्हणून तिला हक्क मागता आला. 'मायेची ऊब' कोर्टात जाऊ शकत नाही. दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. 1966 मध्ये त्या भागात बायकांची एक सहकारी संस्था निघाली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या, तशी एकसारखी रजई शिवावी लागू लागली. 1972 मध्ये सिअर्स कंपनीचं कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. अभ्रे ठरल्या मापाचे. पण त्या कामातून उरलेलं कॉर्डरॉय बायकांनी घरी नेलं, आणि त्या जाड, रेघारेघांच्या उरलेल्या तुकड्यांतून ज्या रजया झाल्या त्या आज त्या परंपरेतल्या नावाजलेल्या मानल्या जातात. 'घरात आहे ते' म्हणजे काही पूर्वापार चालत आलेलं पवित्र कापड नव्हे. घरात काय येऊन पडतं ते कारखाने, नोकऱ्या आणि बाजार ठरवतात. ते कसं वापरायचं एवढं घरातली बाई ठरवते.

मग आपल्या गिरणगावाकडे या. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची, ताडदेवला. ती 1856 मध्ये सुरू झाली. वरळीत सेंच्युरी मिल 1897 ची. शंभर-सव्वाशे वर्षं या भागातल्या घरांत सुती कापड आलं ते इथल्याच भोंग्यांच्या तालावर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जायला गिरणी उरली नाही. त्याच काळात कृत्रिम धाग्याच्या साड्या घरोघरी आल्या. त्या स्वस्त होत्या, लवकर वाळत, इस्त्री लागत नसे. दिवसभर पाण्यात हात असलेल्या बाईला ही केवढी सोय होती हे आपण पुरुषांनी तरी विसरू नये. पण नायलॉन घाम शोषत नाही, सुईखाली सरकतं, थर एकमेकांवर बसत नाहीत. ट्रंक भरलेली राहिली, पण तिच्यातून गोधडी निघेना.

आणि बोहारीण होती. मुंबईकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. आपण नेहमी म्हणतो की दुकानातल्या ब्लँकेटनं गोधडी मारली. आमच्या मते तिचा खरा स्पर्धक स्टीलचा डबा होता. जुन्या लुगड्याला बाजारभाव आला. एका गोधडीला चार-पाच कपडे लागतात, शिवाय कित्येक दुपारी. तेवढ्याच कपड्यांत दारात उभ्या उभ्या पातेलं मिळतं. बाईनं पातेलं घेतलं. तिची माया आटली असं आपण म्हणणार का? तिनं हिशेब केला. पूर्वी गोधडीचा हिशेब करणारी बुद्धी आणि ही बुद्धी एकच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. पांघरूण घ्यायला पैसे नव्हते म्हणून जिनं शिवलं, तिच्या कामावर लयतत्त्वं लावणं ही थट्टा नाही का? टंचाईला कला म्हणून मिरवणं नाही का? आमचं उत्तर असं. सक्ती आणि निर्णय एकमेकांना वगळत नाहीत. जात्यावर बसणं ही सक्तीच होती; पण ओवी कशी रचायची हे जात्यानं ठरवलं नाही. गोधडी शिवणं भाग होतं, दुसरा निळा चौकोन लावणं भाग नव्हतं. समीक्षकानं त्या दुसऱ्या चौकोनाची दखल घ्यावी. कसबाचं कौतुक करताना टंचाईचं कौतुक होऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यायला हवी. आणि उलट बाजूनं, टंचाईची लाज वाटते म्हणून कसब झाकून ठेवणंही बरोबर नाही.

शेवटचा मुद्दा आजच्या बाजाराचा. हल्ली दुकानांत 'पारंपरिक गोधडी' मिळते. त्यातली काही कोऱ्या कापडाचे रंगीत तुकडे कापून, मुद्दाम ठिगळं दिसतील अशी शिवलेली असते. विकण्याबद्दल आपली तक्रार नाही. शिवणाऱ्या बाईला पैसे मिळावेत, आणि भरपूर मिळावेत. तक्रार समीक्षेची आहे. जिथे फाटलंच नव्हतं तिथलं ठिगळ कशाचं उत्तर आहे? द्रौपदीनं श्रीकृष्णाच्या बोटासाठी भरजरी वस्त्र फाडलं, त्या कथेत फाडण्यालाच अर्थ आहे, कारण समोर रक्त वाहत होतं. गोधडीनं मात्र धड कापड कधी फाडलं नाही. धड कापड फाडून गोधडीचं रूप आणणं म्हणजे उत्तर आधी लिहून मग प्रश्न तयार करणं. ती रजई सुंदर असू शकेल. तिला रजई म्हणून जोखावं, आणि गोधडी या नावाचं भांडवल तिला मिळू नये.

याउलट दुसरा प्रकार बघा. पुण्याकडे, साताऱ्याकडे आजही अशा बायका आहेत ज्या तुमच्या घरच्या जुन्या साड्या घेऊन गोधडी शिवून देतात आणि त्याची मजुरी घेतात. इथे कापड घरचं आहे, कष्टाला दाम आहे, आणि कुठला भाग आत घ्यायचा हा निर्णयही तिच्याच हातात आहे. परंपरेचा गाभा इथे शाबूत आहे.

आणि कोळीवाड्यात आज कुणी बसली, तर तिच्या ट्रंकेत काय असेल? लेकीच्या लेगिंग्ज, नातवाचा शाळेचा गणवेश, दोन जीन्स, मंडळाचे टी-शर्ट. होजियरीचं कापड ताणलं जातं, जीन्स हाताच्या सुईला दाद देत नाही, दोन्ही एका टाक्यात धरणं कठीण. तिला नवे नियम शोधावे लागतील. कदाचित जीन्स फक्त कडेला, टी-शर्ट उलटसुलट ताणाचे जोडून, गणवेशाचं सुती कापड अंगाकडे. ती गोधडी दिसायला आजीच्या गोधडीसारखी असणार नाही. पण तिला आपण त्याच परंपरेत बसवू, कारण तिनंही घरात आहे त्याच्याशीच बोलून काम केलेलं असेल.

तर मंडळी, घरी गेल्यावर माळ्यावरची गोधडी खाली काढा. घरं पुन्हा बांधायला निघतात तेव्हा सर्वांत आधी फेकली जाणारी वस्तू हीच असते. ती उलटी करा. अंगाकडे कुठलं कापड आहे ते बघा, टाके एका हाताचे की दोन हातांचे ते बघा, फसलेली जागा शोधा. घरात कुणी सांगणारी असेल तर तिला विचारा की हे ठिगळ इथेच का लावलं. आणि ते कागदावर लिहून ठेवा, करणारीच्या पूर्ण नावासकट. इथे समोर पसरलेल्या गोधडीपुरतं आपल्याला उशीर झाला आहे. पण तुमच्या घरातल्या गोधडीला अजून नाव लागू शकेल.

इथे थांबू. ज्यांना ही गोधडी हातात घेऊन बघायची आहे त्यांनी पुढे यावं, मग प्रश्न घेऊ.